एकतीस यम

उधारीवाल्यांची नावं लाल दिसली पाहिजेत, एवढीच मागणी होती. सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या मावसभावाची हळदीची अडत आहे. त्याच्यासाठी येणेबाकीचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तोही फुकट. (‘नात्यात कसलं बिल’ हे वाक्य नेहमी ज्याला बिल द्यायचं असतं तोच म्हणतो.) घरी माझ्या लॅपटॉपवर नावं अशी लालभडक दिसत होती की थकबाकीदाराला ठसका लागावा. परवा तो दुकानातल्या विंडोज ७ वर चढवला आणि दिवाणजींना हाक मारली.

दिवाणजींनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि पडद्यावर बोट ठेवून वाचायला लागले.

“बाण. कंस. एकतीस यम. पाटील. बाण. कंस. शून्य यम.” मग माझ्याकडे वळून, “पाटलाकडं साडेचार हजार येणं हाय. त्येवढ्यासाठी एकतीस यम लावलं व्हय?”

“दिवाणजी, तो एम आहे. रंगाचा कोड. एकतीस म्हणजे लाल.”

“मग लाल का न्हाई?”

“या संगणकाला तो कळत नाही.”

“आनि पुढं एकतीस यम आलं, मागं शून्य यम ऱ्हायलं. समदं गेलं कुटं? पाटलाला घिऊनच गेलं न्हवं?”

हमाल पोती टाकून हसायला आले. मावसभाऊ फोनवर असल्याचं सोंग करत हसत होता.

आता यांना काय सांगणार? की २७ नंबरचं एक न दिसणारं अक्षर आधी पाठवायचं, मग कंस, आकडा आणि एम, म्हणजे पुढचा मजकूर रंगतो. शेवटी शून्य पाठवलं की रंग उतरतो. ही भाषा १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलमुळे (म्हणजे मोठ्या संगणकाला जोडायचा पडदा आणि कळफलक) जगभर पसरली, आणि त्या बिचाऱ्याचा स्वतःचा पडदा एकरंगी! विंडोज १० च्या आधीच्या काळ्या खिडकीला (जिथे प्रोग्रॅम नुसता मजकूर छापतो तिला) ती समजायची नाही. ते न दिसणारं अक्षर ती बाण म्हणून दाखवायची आणि बाकीचं जसंच्या तसं छापायची. आमची काळी खिडकी तर काळीही नव्हती. ‘हिशेब काळ्यावर नको’ म्हणून दिवाणजींनी कुणाकडून तरी ती पांढरी करून घेतली होती.

कोलोरामा नावाची लायब्ररी (हे कोड जुन्या विंडोजला समजावणारा तयार प्रोग्रॅम) घालून यम घालवले. लाल आला. मग भावाला हौस सुटली, अर्धे पैसे दिलेल्यांना पिवळा दे. ३३ दिला तर शेवाळी उमटला, पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात, पाणी शिरल्यागत. हरिपूरच्या पेवांचं २००५ च्या पुरात काय झालं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांच्यासमोर हा रंग दाखवू नये. ९३ दिला, भडक पिवळा, तर पांढऱ्यावर दिसेचना. ज्या पेठेत माणसाचं धोतर, कान, नाक, चहाची कपबशीसुद्धा पिवळी होते, तिथे मला पिवळा मिळेना! दोन रात्री यात गेल्या. मोबदला भडंगाचा एक पुडा, त्यातही शेंगदाणे कुणीतरी आधीच वेचलेले.

या सगळ्या वेळात दिवाणजी खतावणीत लाल रिफिलने रेघा ओढत होते. आवाजसुद्धा न करता. त्याचाच जास्त राग आला.

काल शेवटची चाचणी. बुधगावचे पाटील लाल झाले, आणि त्यांच्याखालचे सगळेच लाल झाले. तीस वर्षं रोखीने व्यवहार करणारे लाल, बँकेतली शिल्लक लाल, सर्वात खाली दुकानाचं नावही लाल. भाऊ ओरडला, “अरे, यार्डात कुणी बघितलं तर!” मी कोड वरखाली करत होतो, काही सापडेना.

दिवाणजींनी मान वर केली. चष्मा कपाळावरच होता.

“पाटलाच्या मागचा शून्य यम ऱ्हायला असंल बघा.”

तोच राहिला होता.