मशीन मागताना माणूसही मागा

धुळे-जळगावकडच्या माझ्या डॉक्टर मित्रमंडळींत सध्या एक वाद पेटला आहे. एक बाजू म्हणते, नव्या आयसीयूसाठी व्हेंटिलेटर घ्यायचेच तर अन्ननलिकेतला दाब मोजणारे घ्या. खान्देशच्या रुग्णाने कायम दुय्यम गोष्टींवर का भागवायचं? दुसरी बाजू म्हणते, आधी रिक्त पदं भरा, हे चोचले नंतर. मी मूळची चोपड्याची, आता टोरांटोत रेस्पिरेटरी थेरपिस्ट. व्हेंटिलेटर सांभाळणं हेच माझं काम, आणि मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात.

हा दाब मोजायला नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेच्या खालच्या भागात उतरवतात. टोकाशी लांबट फुगा असतो, त्यात थोडी हवा भरतात. अन्ननलिका छातीतूनच जाते, म्हणून तिथला दाब फुफ्फुसांभोवतीच्या दाबाचा अंदाज देतो. व्हेंटिलेटरच्या पडद्यावरचा आकडा फुफ्फुस आणि छातीची भिंत या दोघांचा मिळून असतो. कापसाच्या गाठीखाली दबलेल्या सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली तर गेजवर आकडा मोठा दिसेल, ट्यूब मात्र फारशी ताणलेली नसेल. पोट टम्म फुगलेल्या रुग्णाचं तसंच होतं. पडद्यावर ३० सेंटिमीटर पाण्याइतका दाब आणि अन्ननलिकेत १८, तर फुफ्फुसावर ताण १२ चा. शेजारच्या सडपातळ रुग्णाचे आकडे ३० आणि ८, म्हणजे ताण २२. दोघांना डोळे झाकून एकच सेटिंग लावणं मला पटत नाही. स्वादुपिंडाच्या सुजेने पोट फुगलेला रुग्ण नंदुरबारलाही येतो. त्याच्यासाठी ही मोजणी चोचला कशी?

पण फुगा आला की जीव वाचले, असंही नाही. २००८ साली बोस्टनमध्ये ६१ रुग्णांवर अभ्यास झाला, त्यात या मोजणीने ऑक्सिजन सुधारला आणि सगळ्यांच्या आशा वाढल्या. २०१९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या १४ रुग्णालयांतल्या २०० रुग्णांचा निकाल आला. मृत्यूत किंवा व्हेंटिलेटरवरच्या दिवसांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यामुळे इथेही आम्ही तो सरसकट घालत नाही, निवडक रुग्णांनाच घालतो.

शिवाय फुग्याची पडताळणी करावी लागते. तो जठरात उतरला, किंवा हवा कमी-जास्त भरली, की आकडा चुकतो. व्हेंटिलेटरची श्वासाची नळी क्षणभर बंद करून रुग्णाने श्वास ओढला, किंवा त्याची छाती हलकेच दाबली, तर त्या नळीतला आणि अन्ननलिकेतला दाब जवळजवळ सारखा बदलला पाहिजे; गुणोत्तर ०.८ ते १.२ च्या आत. रुग्णाची कूस बदलली की पुन्हा तपासायचं. रात्री तीन वाजता हे करणारं माणूस इथे असतं, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णापाशी बहुधा एक स्वतंत्र नर्स असते. परदेशातलं मशीन सगळ्यांना दिसतं, मशीनजवळचं हे माणूस दिसत नाही.

आपल्याकडे व्हेंटिलेटरवर कोण येतं तेही पाहा. मण्यार चावलेला शेतमजूर: फुफ्फुसं धडधाकट, फक्त श्वासाचे स्नायू लुळे. त्याला फुगा नको. प्रतिविष, साधं व्हेंटिलेटर आणि घशातली नळी चोंदू न देणारं जागं माणूस हवं. बाहेर बसलेले नातेवाईक दर तासाला विचारतात, "आते कसं शे?" त्यांना उत्तर देणारंही कुणी हवं.

न्यूमोनियाने फुफ्फुस कडक झालेल्याला तर आधी उंची मोजायची मोजपट्टी लागते. २००० सालच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दर किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. हा किलो उंचीवरून काढायचा. १६० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचा हिशेब ५७ किलोचा, म्हणजे एका श्वासाला साधारण ३४० मिलिलिटर. तो ९० किलोचा आहे म्हणून ५४० दिले तर फुफ्फुस फाटायची वेळ येते. २०१३ च्या फ्रान्समधल्या चाचणीत गंभीर रुग्णांना रोज किमान १६ तास पालथं झोपवलं, आणि २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ वर आले. त्याला महागडं यंत्र लागत नाही, पालथं करायला चार-पाच शिकलेले हात लागतात.

म्हणून "पदं भरा" हे बरोबरच आहे. पण मित्रांच्या यादीत डॉक्टर आणि नर्स एवढेच असतात, व्हेंटिलेटर हेच ज्याचं काम तो तंत्रज्ञ नसतो. सहायक आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ साली केंद्राचा कायदा झाला. त्याचा आधार घेऊन हे पद मागायला हवं. आणि आपल्याकडे हे जमणार नाही, असं मला कुणी सांगू नये. कोविडच्या दुसऱ्या लाटेआधीच जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या काळात नंदुरबारने स्वतःचे ऑक्सिजन प्रकल्प उभे केले होते, मोठी शहरं सिलिंडरमागे धावत असताना.

माझं मत असं: फुगा धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात यावा, तिन्ही जिल्ह्यांतल्या अवघड रुग्णांसाठी, आणि तिथेच रात्रपाळीचे तंत्रज्ञ तयार व्हावेत. बाकी रुग्णालयांनी या वर्षी प्रत्येक खाटेशी मोजपट्टी, उंचीप्रमाणे हवेचा तक्ता आणि पालथं झोपवण्याचं प्रशिक्षण मागावं. व्हेंटिलेटरच्या मागणीपत्रात तो रात्री कोण चालवणार, हा रकाना भरल्याशिवाय सही करू नये.