छाटा, पण काटे उचला!

अरे, किती वेळा सांगायचं? बाभळी छाटायला कोणाची ना नाही. पण छाटलेल्या फांद्या कालव्याच्या रस्त्यावरच कशाला टाकता?

बडोद्याजवळ शेरखी, अंकोडियाच्या बाजूला नर्मदेच्या कालव्याकाठी ग्रॅव्हल सायकलसाठी (कच्च्या रस्त्यावर चालवायची, जाड टायरची सायकल) याहून चांगली वाट नाही. एका हाताला भरून वाहणारं पाणी, दुसऱ्या हाताला एरंडी, कापूस, तूर. आणि मधे हे काटे! वेड्या बाभळीचा वाळलेला काटा म्हणजे खिळाच. फांद्या ट्रॅक्टरखाली चिरडल्या की काटे सुटे होऊन मुरुमात मिसळतात, मग दिसतही नाहीत. चाळीस मिलिमीटरचा टायर असो, ट्यूबलेस असो, आरपार जातात. सीलंट, म्हणजे टायरच्या आत ओतलेला पांढरा द्रव, बारीक भोक बुजवतं, हे खरं. पण एका चाकात चार-पाच काटे घुसले, त्यातला एखादा टायरच्या बाजूच्या भिंतीत, की पांढरा फेस उडत राहतो आणि हवा जायची ती जातेच. मग भर उन्हात सायकल ढकलत गावापर्यंत चाला. तिथे पंक्चरवाला असतो स्कूटरचा, त्याच्याकडे आमच्या मापाची ट्यूब कुठून असणार?

आणि हे फक्त आमचंच रडगाणं नाही हो. त्याच वाटेने शेतमजूर बायका साध्या रबरी चपला घालून जातात, पोरं शाळेच्या सायकली घेऊन जातात. त्यांच्याकडे कुठलं आलंय सीलंट?

कुंपणाला लावा, चुलीला न्या, निदान रस्त्याच्या कडेला तरी ओढून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे!