भाग १, भाग २ आणि वाया जाणारे दोन दिवस

डोकं फिरलंय आज. दर महिन्याला आमच्या एन्ट्रीची एक्सेल फाईल भाग १, भाग २ अशी तोडायची आणि मग रिपोर्टसाठी तेच दोन भाग परत जोडत बसायचं, टोटल जुळवायची, नाही जुळली की पुन्हा पहिल्यापासून, अख्खे दोन दिवस जातात यात! सात वर्षं करतेय मी हे, एकदाही विचारलं नाही का म्हणून. विचारलं कोणी, तर नवीन आलेल्या मुलीने, तिसऱ्याच दिवशी. साहेब म्हणाले, पहिल्यापासून असंच आहे, आधी काम शीक.

खरं कारण सांगितलं आमच्या ऑफिसातल्या काकांनी, तीन महिन्यांनी रिटायर होतायत ते. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, अगं ही पद्धत मीच पाडली, तेव्हा एक्सेलच्या एका शीटमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळच नसायची, तोडल्याशिवाय इलाजच नव्हता. २००७ च्या एक्सेलपासून १०,४८,५७६ ओळी मावतात हो! फक्त आमची फाईल अजून जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्येच सेव्ह होते म्हणून लिमिट तीच. काका आणि ती नवीन मुलगी, दोघांनी फाईलच्या कॉपीवर करून बघितलं, तिने एकच शीट बनवली, आणि कुठली एन्ट्री नंतर रद्द होऊन उलटी पडते हे काकांनाच माहिती म्हणून त्यांनी ताळा केला. एका दुपारीत टोटल जुळली.

आणि साहेब? तिला म्हणे आजकालच्या पोरांना मेहनत नको, काकांना म्हणे तुम्ही आता कशाला डोकं घालता, शांतपणे रिटायर व्हा. अरे ज्याने पद्धत पाडली तोच सांगतोय ना बंद करा म्हणून, अजून कोणी सांगायला हवंय?

२०२० मध्ये इंग्लंडमध्ये याच जुन्या फॉरमॅटच्या ओळी संपल्या म्हणून जवळपास १६ हजार कोरोना पेशंट रोजच्या आकड्यांतून सुटले होते, त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. आमच्याकडे मागच्या महिन्यात जोडताना चाळीस ओळी दोनदा आल्या आणि बोलणी बसली त्याच मुलीला, सगळ्यांसमोर. मी तिथेच होते आणि गप्प बसले, त्याचा तर जास्तच राग येतोय.

परवा महिनाअखेर. काकांनी डायरीच्या मागच्या पानावर सगळं लिहून दिलंय, कुठली पद्धत कशासाठी सुरू झाली आणि आता कुठली बंद केली तरी चालेल. ते पान आणि ती एक शीट मी उद्या साहेबांच्या वरच्यांना मेल करतेय, खाली आम्हा तिघांची नावं टाकून.