लाल वर्तुळातला तो काळा डाग

लहानपणी मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि त्याची नजर कमी राहते, त्याला आळशी डोळा म्हणतात. त्याबद्दल पालकांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘आळशी डोळा हा मेंदूचा दोष नाहीच. डोळ्याच्या पडद्याला रक्त कमी पडतं, नव्या स्कॅनमध्ये ते दिसतं. पट्टी सोडा, रक्ताभिसरण वाढवा.’ सोबत स्कॅनचं चित्र, मधोमध काळा डाग आणि त्याभोवती लाल वर्तुळ.

आधी ते वर्तुळ. तो डाग म्हणजे सुकलेला भाग नव्हे. पडद्याच्या ऐन मध्यावर, जिथल्या पेशींच्या जोरावर आपण बारीक अक्षरं वाचतो, तिथे रक्तवाहिन्या नसतातच. साधारण अर्ध्या मिलिमीटरची ही मोकळी जागा निरोगी डोळ्यातही असते. तिचं पोषण मागच्या थरातून होतं.

‘पण आळशी डोळ्यात वाहिन्या विरळ आढळल्याचे अभ्यास आहेत ना?’ आहेत, आणि फरक न सापडलेलेही आहेत. ओसीटी अँजिओग्राफीत, म्हणजे पडद्याच्या रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या या नव्या स्कॅनमध्ये, शिरेत रंग टोचत नाहीत. मशीन एकाच जागेचे लागोपाठ स्कॅन घेतं आणि त्यांत जे बदललं ते वाहतं रक्त असं धरतं. म्हणजे डोळा स्थिर हवा. आळशी डोळ्याची नजर समोरच्या खुणेवर नीट टिकत नाही. मग चित्रावर आडव्या रेघा उमटतात, सरळ वाहिनी मधेच तुटून बाजूला सरकते. दुसरी गोम लांबीची. बरीच मशीन्स डोळा सुमारे २४ मिलिमीटर लांब आहे असं गृहीत धरतात. प्लस नंबरचा आळशी डोळा बहुधा आखूड असतो. तो २२ मिलिमीटरचा असेल आणि दुरुस्ती केली नाही, तर त्याच मोकळ्या जागेचं क्षेत्रफळ जवळपास २० टक्के मोठं मोजलं जातं!

बरं, वाहिन्यांची जाळी खरंच विरळ असली तरी ते कारण की परिणाम? ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला. नंतर उघडलेल्या त्या डोळ्याचा पडदा जवळजवळ नेहमीसारखाच काम करत होता. त्याला दाद देईनाशा झाल्या होत्या त्या मेंदूतल्या पेशी. दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचाही वाटा होता.

राहिली पट्टी. ती चांगल्या डोळ्यावर बांधतात, कारण मेंदूला दुसऱ्याचं ऐकायला लावायचं असतं. सात वर्षांखालच्या, मध्यम दोष असलेल्या मुलांवरच्या २००३ च्या चाचणीत रोज २ तासांची पट्टी ६ तासांइतकीच गुणकारी ठरली. काहींना तर नुसता चष्मा पुरतो.

स्कॅन निरुपयोगी नाही. चष्मा आणि पट्टी नेमाने वापरूनही नजर सुधारत नसेल, तर पडद्याचा वेगळाच काही आजार आहे का, हे पाहायला तो कामी येतो.