आजींच्या ओव्यांच्या जोडणीबद्दल आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

ध्वनिफिती ब्राउझरमध्येच जोडून देणाऱ्या आमच्या संकेतस्थळाला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि मग आमच्याकडे तशाच मिसळीच्या क्लिपा घेऊन सगळे करून पाहिले. आजींनी जात्यावर म्हटलेल्या ओव्यांच्या २३ क्लिपा आपण जोडायला घेतल्या होत्या. त्यांतल्या काही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या व्हॉइस नोट होत्या, तर काही जुन्या फोनवर रेकॉर्ड केलेल्या. जोडलेल्या फाइलमध्ये आजींचा आवाज मध्येच बारीक आणि घाईचा झाला, प्रत्येक सांध्यावर ‘टक’ असे वाजले, क्रम चुकला, आणि दुसऱ्या खेपेस फोनवरचा टॅबच बंद पडून दोन तासांची मेहनत वाया गेली, असे आपण लिहिले आहे. या चारही बाबतींत चूक आमची आहे.

आवाज बारीक होण्याचे कारण सर्वांत आधी सांगतो, कारण ते मला सर्वांत जास्त लागले. व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट ओपस या आवळलेल्या प्रकारची असते आणि उलगडताना ती सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या, म्हणजे ध्वनीच्या मोजमापांच्या, दराने उलगडते. जुन्या फोनवरच्या आपल्या क्लिपा ४४,१०० नमुन्यांच्या असणार. आमच्या प्रोग्रॅमने पहिल्या क्लिपचा, म्हणजे व्हॉइस नोटचा, दर पुढच्या सगळ्या क्लिपांना लावला. त्यामुळे ८ मिनिटांची जुनी क्लिप ७ मिनिटे २१ सेकंदांत संपते, आणि पेटीवर सांगायचे तर काळी एकमध्ये म्हटलेली ओवी पांढरी दोन ओलांडून काळी दोनकडे सरकते. जिने ते गाणे लहानपणापासून ऐकले आहे तिला ते परक्या बाईचे वाटावे, यात नवल नाही. आता प्रत्येक क्लिप आधी एका दरावर आणली जाते आणि मगच जोडली जाते. ही दुरुस्ती सर्वांसाठी सुरू झाली आहे.

सांध्यावरच्या ‘टक’चे कारण साधे आहे. एक क्लिप संपताना ध्वनीची लाट वर असते, पुढची सुरू होताना ती खाली असते, आणि मधली ती उडी कानाला खटकते. प्रत्येक टोकाला १० मिलिसेकंदांचा उतार दिला की उडी उरत नाही, आणि इतक्या छोट्या उताराने शब्दही कापला जात नाही. हे आम्ही पहिल्या दिवसापासून करायला हवे होते. क्रमाचे म्हणाल, तर नावांतले आकडे अक्षरांसारखे वाचले जात असल्यामुळे ‘ओवी १०’ ही ‘ओवी २’च्या आधी लागत होती, तेही सुधारले आहे.

टॅब बंद पडण्याची अडचण मात्र अजून पूर्ण सुटलेली नाही. व्हॉइस नोट दिसायला लहान, काही एमबीची असते, परंतु जोडण्यासाठी ती उलगडावी लागते, आणि उलगडलेला दोन बाजूंचा ध्वनी मिनिटाला सुमारे २३ एमबी जागा घेतो. आपल्या सगळ्या क्लिपा मिळून २ तास १० मिनिटांच्या होत्या, म्हणजे फोनच्या रॅममध्ये जवळजवळ ३ जीबीचा भार एकदम पडला आणि ब्राउझरने टॅब बंद केला. आम्ही आता एकेक क्लिप उलगडून, लगेच पुन्हा आवळून, मग पुढची घेण्याची पद्धत तयार करत आहोत. ती होईपर्यंत फोनवर तासाभरापेक्षा जास्त लांबीचे काम घेताना आधीच इशारा दिसेल. तो इशारा न देता आम्ही आपला वेळ घेतला, याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

दोन मुद्द्यांवर मात्र माझे मत वेगळे आहे. आजींचा आवाज आमच्याकडे साठवला जातो का, अशी शंका आपण घेतली आहे. तो साठवला जात नाही, कारण फाइल आपल्या यंत्राबाहेर जातच नाही. माझ्या शब्दावर विसंबू नका. पान उघडल्यावर इंटरनेट बंद करा आणि मग क्लिपा जोडून पाहा, काम तसेच पूर्ण होईल. मूळ क्लिपांनाही प्रोग्रॅम हात लावत नाही, त्या जशाच्या तशा आहेत. दुसरे, काही क्लिपा हळू आणि काही मोठ्याने ऐकू येतात, ही आपली तक्रार खरी आहे, पण आवाज समान करण्याची सोय आपोआप सुरू ठेवायला मी तयार नाही. तिने हळू आवाज वर येतो, आणि त्याबरोबर दोन ओळींच्या मधली जात्याची घरघरही वर येते. आजींच्या गाण्यात ती किती असावी, हे आपण ठरवावे. ते बटण एका कोपऱ्यात होते, आता जोडणीच्या बटणाशेजारीच ठेवले आहे.

पुन्हा जोडणार असाल तर संगणकावर, दोन टप्प्यांत जोडा. मधल्या दोन्ही फाइली वेव्ह या न आवळलेल्या प्रकारात ठेवा आणि एमपी३ फक्त शेवटी एकदाच करा, कारण प्रत्येक वेळी एमपी३ करताना ध्वनीतला थोडा तपशील गळतो आणि तो परत मिळत नाही.

आपण भरलेले १४९ रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत पाठवले आहेत. त्यासाठी अभिप्राय बदलण्याची गरज नाही. पुन्हा कुठे अडलात तर ध्वनिफीत पाठवू नका; त्या क्लिपचा प्रकार आणि लांबी एवढे इथेच लिहा, तेवढ्यावरून मला शोधता येईल.

आपला,
संचालक