व्यथा, वेदना आणि तुमचा शब्दकोश

शब्दांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'वेदना शरीराची, व्यथा मनाची' हे माझं विधान चुकीचं आहे, असं तुम्ही म्हणता. म्हणा की. पण 'लिहिण्याआधी शब्दकोश उघडण्याचे कष्ट घेतले असते तर' हे कशासाठी? हेच साध्या शब्दांत सांगता आलं नसतं?

एक चूक मान्य. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं साल मी १८५७ दिलं. ती दुसरी आवृत्ती, पहिली १८३१ची. दुरुस्त केलंय.

आता तुमचं लाडकं वाक्य: 'वेदना विद् धातूपासून आली, म्हणजे मुळात जाणीव, आणि बौद्ध ग्रंथांत तर सुखद वेदनाही असते.' बरोबर आहे. मग? संस्कृतात त्रास म्हणजे भीती. राग म्हणजे आसक्ती, प्रेमसुद्धा. खेद म्हणजे थकवा. उद्या तुम्ही 'मला तुमचा राग आलाय' म्हणालात, तर मी लाजायचं का? शब्द कुठून निघाला ते मुळावरून कळतं, आज तो कुठे राहतो ते बोलणाऱ्यांकडून. मनाच्या दुखण्याला वेदना म्हणताना बहुतेकदा 'मानसिक' हे शेपूट जोडावं लागतं. 'मानसिक व्यथा' असं कोण म्हणतं? व्यथेला ते लागतच नाही. आणि वेदनाशामक गोळी विरहावर कुणी मागितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मी चार महिने त्यांच्या उशाशी होतो. 'वेदना होतायत का?' असं विचारलं की त्यांचा हात कमरेकडे जायचा. आतलं जे होतं त्याला त्यांनी कधी वेदना म्हटलं नाही. 'कशात मन लागत नाही रे,' एवढंच. हे मी कोशात वाचलेलं नाही, कानांनी ऐकलंय. तुम्ही कुणाच्या उशाशी बसला होतात, ते मी विचारणार नाही.

राहिला डिप्रेशनचा मुद्दा. त्याला 'खिन्नता' म्हटलं की आजार किरकोळ वाटतो आणि माणूस उपचार टाळतो, हे तुमचं म्हणणं. असेलही. तो डॉक्टरांचा प्रांत, माझा लेख शब्दांवर होता. इथे फाटे नकोत.

आणि हो, तुमच्या प्रतिक्रियेत 'दुःख' तीनदा आलंय आणि तिन्ही वेळा विसर्ग गळालाय. शब्दकोश उघडून पाहिलं.