आधी गुडघा, मग गोळी

‘नैराश्यावरच्या गोळ्या घेणाऱ्यांत सांध्यांची झीज जास्त, म्हणजे गोळ्याच सांधे खातात’ हा एका लेखातला निष्कर्ष काही पटला नाही. क्रम उलटाही असू शकतो की! आईचे गुडघे आधी गेले. रात्री दोन-दोनदा उठून गुडघ्याखाली उशी सरकवत बसायची. झोप उडाली, मन खचलं, तेव्हा कुठे डॉक्टरांनी ड्युलोक्सेटिन सुरू केलं. (“मी काय वेडी आहे?” म्हणून आधी भडकलीच.) नैराश्यावरचं हे औषध अमेरिकेत २०१० पासून सांधे-स्नायूंच्या जुनाट दुखण्यासाठीही मान्य आहे.

आता आकडेवारीत तिच्या नावापुढे दोन्ही रकान्यांत खूण. पहिला एक्स-रे कधीचा आणि पहिली गोळी कधीची, हे न बघता काय सिद्ध होणार? शिवाय असं वाचून कुणी गोळी एकदम बंद केली, तर चक्कर-मळमळ वेगळीच.